रॉकेट परत येतंय, आमचा हिशेब कुठाय?

२ एप्रिल २०२२. पाडवा. गोदीत चार खाडे टाकून मी गावी गेलो होतो, पवनी तालुक्यात, भंडारा जिल्हा. चार दिवसांची मजुरी गेली ती गेली. माय अंगणात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. हजार विड्यांचा आकडा पाडव्याला थांबत नाही. पावणेआठचा सुमार असेल. आणि आभाळात आग लागली.

आग म्हणजे आगच. लालपिवळ्या रेघा, एकामागं एक, सावकाश, डोक्यावरून गेल्या. उल्का अशी रेंगाळत नाही. वस्तीतली सगळी पोरं रस्त्यावर. कोण म्हणे विमान जळलं, कोण म्हणे पाकिस्ताननं सोडलं. गावातल्या एका शहाण्यानं हात जोडले, म्हणे पाडव्याचा शुभशकुन. माय सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "काय पडून रायलं रे बाबू वरतून?"

दुसऱ्या दिवशी खबर आली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक कडं पडलं होतं. आडवं मोजलं तर तीन मीटरच्या आसपास. बैलगाडीचं चाक त्यात सहज मावेल. पवनपारकडं एक गोळा सापडला. पोलिसांनी उचलून नेलं, पुढं इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. कोणाच्या अंगावर पडलं नाही म्हणून पेपरवाल्यांनी दोन दिवस मजा घेतली.

कोणाचं होतं ते? जोनाथन मॅकडॉवेल म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ आहे, जगभरच्या रॉकेटांचा जमाखर्च ठेवतो. त्याच्या मते ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे तुकडे, रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं. म्हणजे माल पोचवून झाल्यावर टाकून दिलेलं खोकं चौदा महिने पृथ्वीभोवती बेवारस भटकलं आणि पाडव्याला आमच्या झाडीपट्टीत उतरलं.

मायनं विचारलं, "भंगारात किती आले असते?" मी हसलो. मग मुंबईला आल्यावर वाचलं आणि हसू गेलं. १९६८ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. आभाळातून पडलेली वस्तू ज्याची आहे त्यानं मागितली, की परत द्यायची. म्हणजे भंगारसुद्धा आपलं नाही. आणि १९७२ चा दुसरा करार आहे. उडवलेल्या वस्तूनं जमिनीवर कोणाचं नुकसान केलं तर उडवणाऱ्या देशानं भरायचं. चूक होती की नव्हती, हे विचारायचंच नाही. १९७८ मध्ये रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह पोटातल्या अणुभट्टीसकट कॅनडात पडला. माणूस एक मेला नाही. तरी कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाख पदरात पाडून घेतले.

हे सगळं मी मायला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे वरतून पडलं त पैसे भेटते. खालीच मेलं त?"

दोस्तहो, या एका प्रश्नासाठी मी लिहायला बसलो. मी मॅट्रिक. कविता लिहितो, गोदीत ठेकेदाराच्या टोळीत मजुरी करतो. शास्त्रज्ञ नाही. पण माल उचलणं आणि माल पोचवणं यातलं मला कळतं. आणि रॉकेट म्हणजे शेवटी मालच पोचवणारी गाडी.

मायच्या डोळ्यापुढं माझा आतेभाऊ होता. बारावी नापास झाल्यावर तो ठेक्यावर दारूच्या कारखान्यात लागला. पिण्याची दारू नव्हे, उडवायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथं लिहिलं काय न लिहिलं काय, ठेकेदार सगळीकडं सारखाच. एका पाळीत भडका झाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून परत आला तर हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं. त्या जागी दुसरा पोरगा उभा. तोही आमच्याच वस्तीतला. याला म्हणतात फेकून द्यायचा टप्पा.

आता रॉकेटकडं या. इथं डोकं लावा, शिव्या नंतर देऊ.

उभ्या रॉकेटचं बहुतेक सगळं वजन इंधनाचं असतं. इंधन जळत जातं तशा टाक्या रिकाम्या होतात, आणि रिकामी टाकी वर ओढत नेणं म्हणजे फुकटचा भार. म्हणून रॉकेटचे टप्पे करतात आणि रिकामा टप्पा वाटेत सोडून देतात. खालचा समुद्रात, वरचा आभाळात. एका खेपेला अख्खी गाडी भंगारात. पन्नास-साठ वर्षं जगानं हेच केलं. आपल्या मुकादमाला सांगा की ट्रक एकदा वापरून खाडीत ढकलायचा, तो वेडा म्हणेल. पण पैसा सरकारचा आणि इज्जत देशाची असली की कोणी वेडा म्हणत नाही.

मग अमेरिकेनं शटल काढलं. १९८१ ते २०११, एकशे पस्तीस उड्डाणं. विमानासारखं उतरणारं, पुन्हा उडणारं. बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर पॅराशूटनं समुद्रात पडायचे, दोन जहाजं जाऊन ओढून आणायची, धुवून पुसून पुन्हा भरायची. मोठी टाकी मात्र दर वेळी नवी. म्हणजे अर्धवटच. सांगितलं होतं की स्वस्त पडेल. पडलं नाही. अंगावरच्या वीस हजारांहून जास्त फरशा उड्डाणामागून उड्डाण तपासायच्या, एंजिनं उतरवायची, महिने जायचे.

आणि २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं, सात माणसं गेली. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीनं कडक झाली होती. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले एंजिनियर आदल्या रात्री सांगत होते, थंडी फार आहे, उद्या उडवू नका. वरच्या साहेबांनी ऐकलं नाही. वस्तूला हात लावणाऱ्याला कळतं आणि खुर्चीवाला ऐकत नाही. हे फक्त आपल्या गोदीत घडतं असं समजू नका.

मग आली स्पेसएक्स. २०१५ च्या डिसेंबरात फाल्कन ९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला. एप्रिल २०१६ मध्ये समुद्रात उभ्या केलेल्या सपाट तराफ्यावर. मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. आता एकेक टप्पा तीसहून जास्त वेळा उडून आलाय.

हा तराफा बंदरात येतो तो व्हिडिओ मी रात्रपाळीत मोबाईलवर पाहिला. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. उभा काळवंडलेला खांब, बारा-चौदा मजली. वरून क्रेन आली. डोक्याला टोपी बसवली. खाली हेल्मेट घातलेली माणसं दोरी धरून. इशारा झाला, खांब उचलला, धक्क्यावर ठेवला, पाय मिटले, आडवा केला. अरे, हे काम तर आमचं! हाबेस म्हटलं की वर, आरिया म्हटलं की खाली. स्लिंग तीच, शॅकल तेच. जगातलं सगळ्यात पुढचं यंत्र आभाळातून येतं ते गोदीवाल्याच्या हातात येतं. टोळीतल्या दोघांना उठवून दाखवलं. एक म्हणाला, त्यांचे बूट बघ.

बूट बघितले. मग आमचे बघितले.

पण नीट समजून घ्या, सगळं रॉकेट परत येत नाही. खालचा टप्पा सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सुटतो, तेव्हा वेग ताशी सहा-आठ हजार किलोमीटर. कक्षेत राहायला हवेत अठ्ठावीस हजार. वेग चौपट म्हणजे अंगातली शक्ती सोळापट, ती सगळी उतरताना हवेशी घासून उष्णतेत जाते. वरच्या टप्प्याला तेवढं सोसणारं चिलखत घालायचं तर जेवढे किलो चिलखत तेवढे किलो माल कमी. म्हणून हिशेब साधा. खालच्या टप्प्यात नऊ एंजिनं, महाग, ते आणा. वरच्यात एक, ते टाका. खालच्यालासुद्धा परतीचं इंधन राखून ठेवावं लागतं, त्यापायी माल कमी नेता येतो. तो तोटा सोसून ते आणतात, कारण आणणं परवडतं.

परवडतं म्हणून. हा शब्द नीट ऐका. निसर्गाची दया नाही, पृथ्वीची कळकळ नाही. ज्याची किंमत आहे ते परत आणायचं आणि ज्याची नाही ते जिथं पडेल तिथं पडू द्यायचं. चीनचं शिचांग तळ समुद्रापासून आत आहे. तिथून सुटलेले खालचे टप्पे डोंगरातल्या खेड्यांकडं पडतात, उड्डाणाच्या दिवशी खेडूतांना घराबाहेर काढतात. आपण हसायचं कारण नाही. श्रीहरिकोट्याला समुद्र होता म्हणून आपले टप्पे पाण्यात पडतात. पण त्या बेटावर आधी यानादी आदिवासी राहत होते. तळ आला आणि त्यांचं रान गेलं. थुंब्यात कोळ्यांनी गाव दिलं, चर्च दिलं, तेव्हा २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. ब्राझीलमध्ये अल्कांताराचा तळ बांधायला काळ्या गुलामांच्या वंशजांची गावं हलवली. त्याच तळावर २२ ऑगस्ट २००३ ला रॉकेट उड्डाणाआधीच पेटलं, एकवीस माणसं जळाली. नकाशा काढा आणि बघा, रॉकेटचा तळ कोणाच्या जमिनीवर आणि रॉकेटचा कचरा कोणाच्या डोक्यावर.

आता आपल्या देशातल्या भजनी मंडळाकडं वळतो.

इस्रोनं पंखवालं यान केलं, आरएलव्ही. २३ मे २०१६ ला ते पासष्ट किलोमीटरवर जाऊन बंगालच्या उपसागरात उतरलं. पुढं कर्नाटकात चित्रदुर्गजवळ उतरण्याच्या चाचण्या झाल्या. २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४, २३ जून २०२४. चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडायचं आणि यानानं स्वतःच धावपट्टी शोधून उतरायचं. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या खेपेचंच धूड आणि तीच यंत्रं वापरली. हे ज्यांनी केलं त्यांना माझा सलाम, मनापासून. पण नाव काय ठेवलं? पुष्पक!

झालं. ताबडतोब शेंडीवाले ढोल घेऊन बाहेर. बघा, आमच्याकडं आधीच होतं. अरे होतं तर चिनूक कशाला आणायचं? १९७४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी ते 'वैमानिक शास्त्र' तपासून दाखवलं, की ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात, सायन्स काँग्रेसमध्ये, तोच ग्रंथ पुन्हा वाचला गेला. आणि पुष्पकाची पुराणातली कथा तरी काय? विमान कुबेराचं. रावणानं हिसकावलं. रामानं वापरलं आणि कुबेराला परत केलं. धनिकाकडून राजाकडं, राजाकडून राजाकडं. घडवलं विश्वकर्म्यानं, त्याला एक फेरी मिळाली असं कुठं लिहिलेलं नाही.

नाव मात्र चपखल आहे, हे मान्य.

पण आमच्यातल्याही काहींना मी सोडणार नाही. चहाच्या टपरीवर क्रांती करणारे आमचे भाऊ म्हणतात, रॉकेट हा भरल्या पोटाचा खेळ, आपला काय संबंध? आपल्या वस्तीत संडास नाही आणि यांना चंद्र पायजे. टाळ्या मिळतात या वाक्याला. मीही वाजवल्यात. आता नाही वाजवत. संडास द्यायचा नाही म्हणून देत नाहीत, रॉकेटमुळं अडलाय म्हणून नव्हे. उद्या इस्रो बंद करा, परवा तुमच्या दारात संडास येणार आहे काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते तेव्हा धरणं, वीज, दामोदर खोरं यांच्या मागं लागले होते. चरख्यात मोक्ष बघणाऱ्यांना त्यांनी १९४५ च्या पुस्तकात ठणकावून सांगितलं, की यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय माणूसपण नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या व्यवस्थेचा. हा माणूस १९५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि आमच्या भंडाऱ्यानं त्याला पाडलं. त्या जिल्ह्यातला मी. यंत्राकडं पाठ फिरवायचा मला हक्कच नाही.

आणि आता तर पाठ फिरवणं परवडणारही नाही. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या रॉकेटला मंजुरी दिली, एनजीएलव्ही. खालचा टप्पा परत येणारा. पृथ्वीजवळच्या कक्षेत तीस टन माल. आजच्या एलव्हीएम ३ च्या तिप्पट माल, दीडपट खर्चात, असं सरकार सांगतं. रक्कम ८,२४० कोटी. मुदत आठ वर्षं. आणि सोबत असंही, की उद्योगांचा जास्तीत जास्त सहभाग घेणार. म्हणजे पैसा जनतेचा, कारखाना शेठचा. विक्रोळीत रॉकेटची एंजिनं बनतात, वालचंदनगरात मोटारीची कवचं बनतात, हे महाराष्ट्रातल्या किती पोरांना माहीत आहे? आपली आयटीआय झालेली फिटर, वेल्डर, टर्नर पोरं आहेत. सरकारी खात्यात जागा निघाली तर निदान आरक्षणाचा कागद पुढं करता येतो. खासगी कारखान्यात आरक्षण नाही. तिथं आपल्याला मागच्या दारानं घेणार, ठेकेदाराच्या हातून. रॉकेटचा पहिला टप्पा परत येणार आणि आपल्या हक्काचा टप्पा वाटेतच गळणार. टपरीवर बसून चंद्राला शिव्या देणाऱ्यांनो, हे तुमच्या ध्यानात येतंय का?

आता मायच्या प्रश्नाकडं. खालीच मेलं त?

२४ जानेवारी २०२५. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. सकाळच्या पाळीत स्फोट झाला, छप्पर कोसळलं, आठ कामगार गेले. ती फॅक्टरी इस्रोची नाही, तिथं लष्कराची दारू बनते. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी कारखान्यात नऊ. श्रीहरिकोट्यात फेब्रुवारी २००४ मध्ये घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा. तोफेची असो, खाणीची असो, रॉकेटची असो, दारू हातानं हाताळावी लागते आणि हात कोणाचे तरी असतात. फोटोत मात्र रॉकेट उडताना टाळ्या वाजवणारे हात.

परत आलेल्या टप्प्याचं काय करतात माहीत आहे? त्याला नंबर असतो. किती वेळा उडाला त्याची नोंद असते. एंजिन तपासतात, वेल्डिंग तपासतात, झिजलेलं बदलतात, मग पुढची खेप. गोदीत आमच्यासमोर रोज कंटेनर येतो. लोखंडाचा डबा, पुन्हापुन्हा वापरायचा. त्याच्या दारावर पाटी ठोकलेली असते, सीएससी पाटी म्हणतात. कधी बनला, जास्तीत जास्त किती वजन घ्यायचं, पुढची तपासणी कधी. पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत, मग दर तीस महिन्यांनी. पाटी नसेल तर डबा जहाजावर चढवायचा नाही, असा जगाचा कायदा.

मी सहा वर्षं गोदीत आहे. माझी छाती कोणी तपासली नाही. माझ्या खांद्यानं जास्तीत जास्त किती घ्यायचं हे कुठं लिहिलेलं नाही. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला होता, नोंदणी झाली होती, म्हातारे कामगार अजून सांगतात. माझ्या टोळीत नोंद म्हणजे मुकादमाच्या खिशातली वही, आणि वही पावसात भिजते. म्हणजे बघा, डबा पुन्हा वापरायचा तर जपून. रॉकेट पुन्हा वापरायचं तर तपासून. आणि माणूस? माणूस तर सगळ्यात जुना, पुन्हापुन्हा वापरायचा माल आहे. बापानंतर पोरगा, पोरानंतर त्याचा पोरगा. त्याच्या दुरुस्तीचा खर्च हिशेबात धरतच नाहीत. म्हणून तो इतका स्वस्त.

मी रॉकेट पाडायला सांगत नाही. मी म्हणतो, पाटी ठोका. त्या ८,२४० कोटींतला एकेक रुपया ज्या कारखान्यात जाईल, तिथं कवच वळवणाऱ्याला, इंधन ओतणाऱ्याला, टाकी आतून धुणाऱ्याला, तळावरचं गटार साफ करणाऱ्याला नंबर द्या, नोंद ठेवा, तपासणीची तारीख द्या. आणि आभाळातून पडल्यावर जो कायदा लागतो तोच जमिनीवर लावा. चूक कोणाची ते नंतर, ज्यानं कामावर लावलं त्यानं आधी भरायचं. कॅनडाच्या बर्फाला जे मिळालं ते माझ्या आतेभावाच्या तीन बोटांना मिळालं पाहिजे. भीक नाही मागत.

अवकाश खात्याला माहितीचा अधिकार लागू आहे. मी अर्ज लिहिलाय, मोडक्या भाषेत, पण लिहिलाय. एक, एनजीएलव्हीच्या कामाचे ठेके देताना ठेकेदाराच्या कामगारांची तपासणी आणि विमा याची अट आहे काय, असल्यास प्रत द्या. दोन, घन इंधनाच्या विभागांत कायम किती आणि ठेक्यावर किती. तीन, गेल्या दहा वर्षांत अपघातात जखमी झालेल्या ठेका कामगारांना किती रक्कम दिली. चौथा प्रश्न मायनं सांगितला. लाडबोरीचं कडं आता कुठं आहे?

दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणून ठेवलीय. मॅट्रिकवाल्याच्या अर्जातल्या चुका काढायला येत्या रविवारी दुपारी ज्याला यायचं त्यानं यावं. आयटीआयवाल्यांनी तर यायलाच पाहिजे. सोमवारी पहिल्या पाळीला जायच्या आधी मी तो पेटीत टाकणार आहे.